मूठभर भुशाचा सेनापति

लाकडाचा मूठभर भुसा, थोडा सरस, थोडी पांढरी माती आणि आंत आधाराला एक तार, एवढ्या सामग्रींतून जर्मनींत एके काळीं सेनापति तयार होत असत. लुडविग्सबुर्ग येथें १९०४ सालीं स्थापन झालेल्या हाउसर कारखान्याचा हा माल ‘एलास्टोलिन’ या नांवानें विकला जाई. ओला लगदा साच्यांत दाबावयाचा, वाळवावयाचा आणि मग एकेक नग हातानें रंगवावयाचा, अशी ही रीत होती. मूर्तीची उंची सुमारें ७ सेंटिमीटर. म्हणजे लहान मुलाच्या मुठींत सहज मावेल एवढीच.

१९३३ नंतर या चिमुकल्या सैन्यांत नामधारी शिपायांबरोबर हयात पुढाऱ्यांचीहि भरती होऊं लागली. त्यांतच विमानदलाच्या गणवेषांतील हर्मन गोअरिंग याची मूर्ति होती. चेहरा हुबेहूब यावा म्हणून कांहीं पुढाऱ्यांच्या मूर्तींना चिनी मातीचें मस्तक बसवीत. गणवेषाचा निळसर राखी रंग, टोपी, पट्टा आणि पदकें रंगविण्यांत कारागीर जराहि कुचराई करीत नसत.

गोअरिंगचें शौर्यपदक खोटें नव्हतें. पहिल्या महायुद्धांत शत्रूचीं २२ विमानें पाडल्याचें श्रेय त्याच्या नांवावर होतें. १९१८ सालीं त्याला प्रशियाचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें आणि त्याच वर्षीं रिश्टहोफेनच्या प्रसिद्ध पथकाचें नेतृत्वहि त्याच्याकडे आलें. पुढें व्हर्सायच्या तहानें जर्मनीला लढाऊ विमानदल ठेवण्याची बंदी झाली. ती झुगारून १९३५ च्या मार्चमध्यें नव्या विमानदलाची जाहीर घोषणा झाली आणि त्याचा सेनापति गोअरिंग झाला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बंदूक रोखणारा शिपाई, दौडणारा स्वार, तोफ डागणारा गोलंदाज हे खेळण्यांतहि आपलें काम करतांना दिसतात. विमानदलाच्या सेनापतीचें काम मात्र मूर्तींत दाखवितां येत नाहीं. तो मेजाशीं बसून आज्ञा देतो आणि त्या आज्ञेचा परिणाम शेंकडो मैलांवरच्या एखाद्या गांवावर कोसळतो. १९३७ च्या एप्रिलच्या २६ तारखेस स्पेनमधील गेर्निका गांवावर जर्मन वैमानिकांनीं बाँब टाकले. १९३९ च्या सप्टेंबरांत वॉर्सा आणि १९४० च्या मे महिन्यांत रॉटरडॅम शहर भाजून निघालें. यांतलें कांहींच त्या सात सेंटिमीटरांत मावणारें नव्हतें. मुलाच्या हातीं आला तो केवळ गणवेष. मुलानें त्यालाच पराक्रम मानलें, तर त्या बिचाऱ्याला दोष कसा द्यावा?

गंमत अशी कीं, प्रत्यक्ष गोअरिंगलाहि पोशाखाचा आणि पदकांचा विलक्षण सोस होता. १९४० सालीं तर त्याच्यासाठीं ‘राइशमार्शल’ ही सर्वांहून वरची पदवी निर्माण झाली आणि तिच्याबरोबर नवा गणवेषहि आला. पण गणवेषानें रसद पोंचत नाहीं. १९४२ च्या नोव्हेंबरांत स्टालिनग्राड येथें वेढ्यांत सांपडलेल्या सैन्याला विमानांनीं अन्नदारूगोळा पुरविण्याचें आश्वासन त्यानें दिलें. तें पुरें झालें नाहीं आणि १९४३ च्या फेब्रुवारीच्या २ तारखेस तेथील उरलेल्या सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं.

त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून जर्मनींतील शाळकरी मुलांना विमानविरोधी तोफांवर बोलावणें सुरू झालें. १९२६ आणि १९२७ सालीं जन्मलेलीं हीं मुलें होतीं. म्हणजे १९३६ सालीं तीं नऊदहा वर्षांचीं, खेळांतलें सैन्य गालिच्यावर मांडण्याच्या ऐन वयांतलीं होतीं. अवघ्या सात वर्षांत त्या विमानदलानें त्यांनाच आपल्या मांडणींत उभें केलें. फरक एवढाच कीं, खेळ संपल्यावर गालिच्यावरचे शिपाई पेटींत परत जात असत. तोफांवरचीं सारींच मुलें घरीं परत आलीं नाहींत.

गोअरिंगला न्यूरेंबर्ग येथें १९४६ च्या ऑक्टोबरच्या १ तारखेस फांशीची शिक्षा झाली. ती अंमलांत येण्यापूर्वींच, १५ तारखेच्या रात्रीं, त्यानें विष घेऊन प्राण दिला. त्याच्या मूर्ति मात्र संग्राहकांच्या कपाटांत अजून उभ्या आहेत. दमट हवेनें आंतली तार गंजते, फुगते आणि वरचा रंगविलेला लगदा तडकतो; म्हणून जिचा गणवेष शाबूत, तिलाच किंमत अधिक.

अशी वस्तु जपून ठेवण्यांत गैर कांहीं नाहीं. इतिहासाचा तोहि एक पुरावाच आहे. परंतु कपाटापुढें उभें राहून घरांतलें मूल जेव्हां विचारतें कीं, हा कोण, तेव्हां पदवी आणि पदकें सांगून थांबणें म्हणजे त्या जुन्या कारखान्याचेंच काम पुढें चालविणें होय. गेर्निका गांवाचें नांव आणि तोफेवर उभ्या केलेल्या त्या शाळकरी मुलांची हकीकत हींहि त्या उत्तरांत आलीं पाहिजेत. मूर्तिकाराला तीं दाखवितां आलीं नाहींत. घरांतल्या वडील माणसांना तीं सांगतां येतात.