वाटीभर उसळ आणि साखर



आमच्या आईला मधुमेह निघाला, तेव्हा आम्ही घरच्यांनी तिची भाकरी-भात बंद करून टाकला. कडधान्य म्हणजे नुसतं प्रोटीन, असं धरून दोन-दोन वाट्या मटकीची उसळ वाढू लागलो. साखर काही उतरेना. मग कळलं, 100 ग्रॅम कोरड्या कडधान्यात 60 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थच असतात. घाबरून उसळही तोडली, गोळ्या मात्र तेवढ्याच ठेवल्या. एका रात्री आईला दरदरून घाम, हात थरथर कापतायत! साखरपाणी पाजलं तेव्हा सावरली. ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

उसळ सोडायची नव्हती, मोजायची होती. अख्ख्या मटकी-हरभऱ्यात सालीचा चोथा असतो, म्हणून साखर रक्तात सावकाश चढते. धुतलेल्या डाळीत तो कमी. आता आई एक वाटी उसळ घेते ती भाकरीच्या जागी, भाकरीवर आणखी नव्हे. बाकी ताट मेथी-दोडक्याचं. पातळ आमटीत डाळ ती कितीशी! जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली की आपल्याला किती सोसतं ते कळतं.

जेवण कमी करण्याआधी गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी तर डाळीचंही विचारावं.