तबकडी, फीत आणि आपले वाचनालय

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



निमंत्रणपत्रिकेवर आमच्या चिटणिसांनी माझ्या भाषणाला ‘बदलती ध्वनिमाध्यमे आणि रसिक’ असे भारदस्त नाव दिले आहे. मी त्यांना सुचविलेले शीर्षक फार साधे होते : ‘मी म्हातारा झालो हे मला केव्हा कळले.’ ते शताब्दीच्या पत्रिकेवर शोभले नसते, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. बोलणार मात्र मी त्याच विषयावर आहे.

केस पिकले तेव्हा ते कळले नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालून लोकांनी घरी पोचविले, तेव्हाही नाही. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून नात आली होती. माझ्या कपाटातली एक कॅसेट तिने हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, ‘‘आजोबा, ह्यात गाणे नेमके कुठे असते?’’ फीत थोडी सैल झाली होती. मी सवयीने टेबलावरची पेन्सिल उचलली, चाकाच्या दात्यांत घातली आणि दोन बोटांनी गरगर फिरवून फीत ताणून घेतली. नात थक्क होऊन पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘पुन्हा करून दाखवा ना!’’ एखाद्या जत्रेतल्या गारुड्याकडे पाहावे तशी तिची नजर होती. त्या क्षणी, मंडळी, मी म्हातारा झालो.

ह्या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या आवडीची गाणी जुनी झाली म्हणून माणूस म्हातारा होतो, असे मला वाटत नाही. गाणी काही कोठे जात नाहीत. जाते ते हातांचे ज्ञान. माझे वडील फोनोला चावी देत, तेव्हा किती फेऱ्यांनंतर थांबायचे हे त्यांच्या मनगटाला ठाऊक असे. दर तबकडीला पोलादी सुई बदलायची, वापरलेली सुई वेगळ्या डबीत टाकायची, तबकडी कडांनी धरायची, सुती कापडाने वर्तुळाकार पुसायची, हे सारे त्यांनी मला शिकविले. पुढे मी कॅसेटचे शिकलो : हेड स्पिरिटने पुसणे, तुटलेली फीत चिकटपट्टीने जोडणे, पाठीवरची प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडून ठेवणे, म्हणजे त्या बाजूवर चुकूनही दुसरे काही मुद्रित होत नाही. ह्या विद्येला आज गिऱ्हाईक नाही. घरातल्या कोणालाच आपण ती देऊ शकत नाही, ह्या जाणिवेने जे वाटते त्याला मी वार्धक्य म्हणतो.

आता थोडा इतिहास. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाले. गौहर जान गायल्या. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत. ठसे जर्मनीत हानोव्हरला छापायला जात, आणि तिथल्या कारागिरांना ही कोणाची तबकडी हे कळावे, म्हणून ही योजना. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. तबकडीचा मुख्य घटक लाख, आणि ती तर आपल्याच जंगलांतली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. बैठकीत तासभर राग मांडणाऱ्या गवयाला हे तीन मिनिटांचे बंधन केवढे जाचक वाटले असेल! पुष्कळांनी प्रथम नाके मुरडली. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. तीन मिनिटांत काही राहून गेले असे वाटते का? हीच तबकडी गदगच्या एका मुलाने दुकानात ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाणे शिकण्यासाठी घर सोडले. हिंडत हिंडत तो ग्वाल्हेरलाही जाऊन राहिला. भीमसेन जोशींची ही हकीकत आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी ती अशासाठी सांगितली की, ज्या यंत्राला जाणत्यांनी खेळणे म्हटले होते, त्याच यंत्राने तो मुलगा गाण्याकडे ओढला गेला.

याच्या उलट उदाहरण आपल्या इंदूरचे. उस्ताद अमीर खाँ ह्याच गावात वाढले. त्यांचे वडील शहामीर खाँ सारंगिये होते. खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा, ते एकेका स्वरावर रेंगाळणे, तीन मिनिटांत कसे बसणार? त्यासाठी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी मोठी तबकडी यावी लागली. अमेरिकेत ती १९४८ साली निघाली, आपल्याकडे रुळायला आणखी दहाबारा वर्षे गेली. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी त्यांची तबकडी आली, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. रामबागेत एका वकिलांच्या ओसरीवर ती ऐकायला पंधरावीस मंडळी जमली होती. मारवा संपल्यावर कोणी बोलेना. तबकडी उलटायचेही कोणाच्या लक्षात येईना. ज्यांनी फक्त तीन मिनिटांच्या तबकड्यांवर मन लावले होते, अशी काही वडीलधारी मंडळी मात्र चुळबुळत होती. त्या दिवशी म्हातारे ते होते, आणि मला त्यांचे हसू आले होते.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली, पण आपल्या घराघरांत शिरली ती ऐंशीच्या दशकात. १९८२ साली परदेशात सीडीही आली. आता मात्र हातात धरावे असे काहीच उरलेले नाही. गाणे दूर कोठेतरी साठविलेले असते आणि आपण ते मागवतो. हिशेब मांडून पाहिला, तर ७८ ची तबकडी सुमारे साठ वर्षे टिकली. आपल्याकडे तर ती १९६० नंतरही काही वर्षे निघत होती. माझ्या वडिलांचे ऐकण्याचे सारे आयुष्य तिच्यात सामावले. मला मात्र फोनो, मोठी तबकडी, रीळ, कॅसेट, सीडी आणि मोबाइल असा सहा वेळा बिऱ्हाडबदल करावा लागला.

येथवर मी जे बोललो ते कोणताही म्हातारा बोलेल. आता जे सांगतो ते सांगायला मला बेचाळीस वर्षे लागली.

१९८३ साली मी ह्या वाचनालयाचा कार्यवाह होतो. वय पस्तीस, अंगात सुधारणेचे वारे. मागच्या खोलीत एक फोनो आणि लाकडी पेट्यांत २१२ तबकड्या होत्या. एके काळी दर गुरुवारी संध्याकाळी तिथे श्रवणाचा कार्यक्रम होई. तो बंद पडून दहाबारा वर्षे झाली होती, सुया मिळेनाशा झाल्या होत्या आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांना जागा हवी होती. मी कार्यकारिणीत ठराव मांडला : जुन्या तबकड्यांची विल्हेवाट लावावी आणि एक चांगला टेपरेकॉर्डर घ्यावा. ठराव एकमताने संमत झाला. कबाडी हातगाडी घेऊन आला (आपल्या इंदुरी मराठीत भंगारवाला कोणी म्हणत नाही). ४७ किलो भरले, किलोला दीड रुपया. खतावणीत माझ्या अक्षरात नोंद आहे : ‘जुने सामान विक्री, रु. ७०.५०.’ त्या दिवशी आपण संस्थेला विसाव्या शतकात आणले, असे मला मनापासून वाटले होते.

दोन वर्षांनी एक काकू आल्या. त्या पेट्यांपैकी एक त्यांच्या यजमानांनी वाचनालयाला दिलेली होती. यजमान जाऊन वर्ष झाले होते. काकूंना तबकड्या परत नको होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘प्रत्येक रेकॉर्डच्या कागदी पाकिटावर ह्यांनी ती कधी आणि कशाबद्दल आणली ते लिहून ठेवलेले होते. थोरला झाला तेव्हाची एक, घर बांधले तेव्हाची एक. तेवढी पाकिटे पाहायला मिळतील का?’’ मी काय सांगणार? मी खरे ते सांगितले. त्या थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या, आणि उलट माझीच समजूत घालीत म्हणाल्या, ‘‘असू द्या हो भाऊ. आता वाजवायला यंत्र तरी कुठे आहे?’’ त्या मला रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मंडळी, त्या पेट्यांतले अब्दुल करीम खाँ कबाड्याकडे गेले म्हणून जगाचे काही अडले नाही. ते मोठ्या तबकडीवर आले, कॅसेटवर आले, आज नातीच्या मोबाइलवरही आहेत. बालगंधर्व आहेत, हिराबाई आहेत. ज्यांच्या नावावर विक्री होते त्यांचे बिऱ्हाड कोणीतरी हलवतोच. त्या पाकिटांवरचे अक्षर मात्र एकदाच होते आणि एकाच ठिकाणी होते. ते जपणे हे कोण्या कंपनीचे काम नव्हते. ते आपले काम होते आणि कार्यवाह या नात्याने माझे होते.

गेल्या वर्षी हीच वेळ पुन्हा आली. ह्या वेळी माझी जागा दुसऱ्या कोणी घेतली होती. आमच्या तरुण ग्रंथपाल बाई पोलादी कपाट आवरत होत्या. त्यात आपल्या व्याख्यानमालेच्या १९७९ ते १९९८ पर्यंतच्या १८६ कॅसेटी निघाल्या. त्यांनी मला आदराने विचारले, ‘‘काका, ह्या ठेवायच्या की काढून टाकायच्या? वाजवायला यंत्र तर नाही आपल्याकडे.’’ काकूंचेच वाक्य! बाईंचा त्यात काही दोष नाही. १९८३ साली मी एवढेही कोणाला विचारले नव्हते.

त्या कॅसेटी आता आम्ही उतरवून घेत आहोत. हे काम किती चिवट आहे ते सांगतो, म्हणजे देणगीदारांना त्याची कल्पना येईल. कॅसेटची फीत सव्वा इंचाच्या नव्हे, पाव इंचाच्याही नव्हे, जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर. इंदूरच्या चार पावसाळ्यांत खिडकीजवळचा खण ओलावला होता, त्या खणातल्या फितींवर पांढरी बुरशी धरली आहे. ती तशीच वाजविली तर बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या दहा फिती खराब करते. फितीला मागून दाबणारा नमद्याचा तुकडा कित्येक कॅसेटींत गळून पडला आहे. दुसऱ्या चांगल्या कॅसेटचा तुकडा काढून बसवावा लागतो. आणि साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. पुस्तकाची पाने भराभर उलटता येतात, फितीचे तसे नाही. बसून ऐकावे लागते. सगळ्या मिळून सुमारे दोनशे तास. आजपर्यंत ४१ झाल्या. जेल रोडवरच्या दुकानांतून मोबाइल विकणाऱ्या मुलांना कॅसेटचा डेक म्हटले की हसू येते, पण त्यांतल्याच एकाने कोठूनसा जुना पट्टा आणून आमचे यंत्र चालू करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. हेडच्या स्क्रूला किती पीळ द्यायचा, हे मी त्याला दाखविले. माझी विद्या घेणारा एक तरी मिळाला.

सगळेच ऐकण्याजोगे आहे असे मी म्हणणार नाही. काही व्याख्याने तेव्हाही कंटाळवाणी होती आणि चाळीस वर्षांत ती सुधारलेली नाहीत. दोन कॅसेटींवर वक्त्याच्या भाषणाच्या मध्यावर एकाएकी चित्रपटगीते सुरू होतात. कोणीतरी पट्टी मोडायला विसरले आणि घरी नेऊन आपली हौस भागविली. पण भाषणामागे पंख्याची घरघर आहे, खुर्च्या सरकल्याचे आवाज आहेत, आणि एका ठिकाणी बाहेरून रस्त्यावरचा पोहेवाला ओरडतो आहे.

१९८६ च्या एका कॅसेटविषयी सांगतो आणि थांबतो. ग्वाल्हेरहून आलेले एक प्राध्यापक ख्यालगायकीवर बोलले होते. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे झाली. एक बाई उठून विचारतात. आवाज थोडा दूरचा आहे, पण मी तो ओळखला. त्या काकूच होत्या. त्या म्हणतात, ‘‘आपण म्हणालात की ख्याल ऐकायला धीर लागतो. मग आम्ही जन्मभर तीन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डवर जे ऐकले, ते गाणे ऐकणे नव्हते का?’’ सभागृहात हशा होतो. प्राध्यापक म्हणतात, ‘‘फार चांगला प्रश्न विचारलात. त्याचे असे आहे...’’ आणि खट्ट आवाज होऊन पहिली बाजू संपते. दुसरी बाजू सुरू होते ती टाळ्यांनी आणि मग माझ्या आभारप्रदर्शनाने. कॅसेट उलटण्याचे काम माझ्याकडे होते. मी बहुधा आभाराची टिपणे चाळत बसलो असेन.

काकू १९९१ साली वारल्या. त्यांचा प्रश्न आता सुरक्षित आहे. त्यांच्या चिरंजीवांना मी तो पाठविला, आणि ह्या ग्रंथासोबत काढावयाच्या ध्वनिसंचातही तो असेल. त्या संध्याकाळी सभागृहात असलेल्या सभासदांपैकी कोणी आज येथे असतील आणि प्राध्यापकांनी काय उत्तर दिले ते त्यांना आठवत असेल, तर त्यांनी कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर चालू अवस्थेतला कॅसेट डेक असेल, त्यांनी तो रविवारी चार वाजता मागच्या खोलीत आणावा. एकशे पंचेचाळीस कॅसेटी अजून राहिल्या आहेत.