टाकीतली मादी आणि हार्मोनचा हिशोब



गाय माजावर आली की गोठ्यातल्या पोरालाही कळतं. ती हंबरते, सोट टाकते, तासाभरात डॉक्टरांना फोन जातो. बॉटलनोज डॉल्फिनच्या मादीकडे बघून मात्र काहीच अदमास लागत नाही. डॉल्फिनची लगट बारमाही. पिल्लासाठी आणि पिल्लाशिवायही. त्यामुळे मत्स्यालयांनी वर्षानुवर्षं नर-मादी एका टाकीत सोडून बाकी सगळं रामभरोसे ठेवलं. पण टाकीतले सगळे एकमेकांचे भाऊबंद निघाले तर? मग दूरच्या नराचं वीर्य गोठवून आणायचं आणि बीज कधी सुटणार ते तासांच्या हिशोबात ओळखायचं.

ते ओळखता आलं लघवीतून. मादीला काठाशी उताणं तरंगायला शिकवतात. खूण केली की ती लघवी करते, प्रशिक्षक पेल्यात नमुना धरतो, बक्षीस म्हणून मासळी देतो. हसू नका! या शास्त्राचा अर्धा पाया त्या पेल्यात आहे. जनावर धरपकड करून आणलं की ताणाचे हार्मोन चढतात आणि मोजणीवर भरवसा उरत नाही. राजीखुशीने मिळालेल्या नमुन्यांत आधी इस्ट्रोजेन चढताना दिसतं, मग एलएच हे बीज सोडायला लावणारं हार्मोन एकदम उसळी घेतं आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात बीज सुटतं. हे चक्र सुमारे ३६ दिवसांचं असतं. पण चार-दोन चक्रं झाल्यावर मादी महिनोन् महिने थांबूही शकते. हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये फिओना ब्रुक यांनी याला सोनोग्राफीची जोड दिली. अंडाशयातला बीजाचा फुगा वाढत वाढत दोन सेंटिमीटरच्या आसपास जातो, तो पडद्यावर रोज बघता येऊ लागला. २००१ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लं जन्मली.

खरी फसगत प्रोजेस्टेरॉन करतं. ते चढलं आणि चढलेलंच राहिलं, की सगळे म्हणणार मादी गाभण आहे. पण डॉल्फिनमध्ये खोटं गर्भारपण नवलाचं नाही. गर्भ नसतो, हार्मोन मात्र महिनोन् महिने चढा. म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर कुणी पेढे वाटू नयेत. आत काय आहे ते सोनोग्राफीत बघावं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. हे सगळं कशासाठी, खेळ दाखवायला आणखी पिल्लं हवीत म्हणून? पुष्कळदा तसंच होतं. मी मत्स्यालयांचा वकील नाही. आपल्या सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांना परवानगी नाकारली, ते मला योग्यच वाटतं.

तरीही टाकीतल्या माद्यांकडून मिळालेली माहिती टाकीपुरती राहिली नाही. गर्भारपण बारा महिन्यांचं, त्यात गर्भाचं डोकं कितव्या महिन्यात केवढं असतं, हे तिथेच मोजलं गेलं. ती मापं मोकळ्या समुद्रातल्या माद्यांनाही लावता येतात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर अपघात होऊन तेलगळती झाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लुइझियानाच्या बाराटारिया उपसागरातले मोकळे डॉल्फिन पकडून तपासले, तेव्हा दहा माद्या सोनोग्राफीत गाभण दिसल्या. सोडून दिल्यावर पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. हे तेल न पोचलेल्या, फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात अशी ८३ टक्के गर्भारपणं सुखरूप पार पडतात. बाराटारियात दहांपैकी दोघींचीच पिल्लं जगली.