यूएल्मचा चौक
आज ऑक्सफर्डशायरमधलं यूएल्म गाव. १४३७ मध्ये विल्यम द ला पोल आणि त्याची बायको अ‍ॅलिस, म्हणजे कवी चॉसरची नात, यांना इथे १३ गरीब पुरुषांसाठी धर्मादाय घरं उभारायची राजाची परवानगी मिळाली. मधे चौक, भोवती छपराची पडवी, अगदी आपल्या वाड्यासारखी. पडवीतून पायऱ्या चढलं की थेट चर्चचं पश्चिमेचं दार. पावसात भिजायला नको! पण सोय कुणाची? रोज देणगीदारांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, ही अट होती. मी कोड लिहिणारा माणूस; मला इथे नियमच विटांत लिहिलेला दिसतो. तरी एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येकाला स्वतःची खोली, पण दार चौकातच उघडणार. एखाद्याचं दार सकाळी उघडलं नाही, तर बाकी बाराजणांना लगेच कळणार. आजही तिथे ज्येष्ठ मंडळी राहतात.