श्रोते मोजावे कसे?



काल संध्याकाळी याच मांडवात किती मंडळी जमली होती, असा प्रश्न आम्ही आज सकाळी तिघांना विचारला. चिटणीस म्हणाले, सहाशे तरी असतील. दारावरच्या स्वयंसेवकाने साडेचारशे सांगितले. आणि मांडववाले म्हणाले, "खुर्च्या तीनशे वीस, भाडे तेवढ्यांचेच लावले आहे." आता या तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. कडेला पाच मिनिटे उभे राहून निघून गेलेलेही चिटणिसांनी धरले होते. मागच्या बाजूने आत आलेले स्वयंसेवकाला दिसले नव्हते. आणि मांडववाल्यांनी माणसे मोजलीच नव्हती, खुर्च्या मोजल्या होत्या. आजचा आमचा विषय हाच आहे. फरक इतकाच की, ज्या सभेबद्दल बोलायचे तिला मांडव नाही, दार नाही, आणि वक्त्याला समोर एकही तोंड दिसत नाही.

पॉडकास्ट हा शब्द तरुण मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन वाक्ये बोलतो. 2004 साली बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने लंडनच्या 'गार्डियन' पत्रात तो प्रथम वापरला. ध्वनिमुद्रित कार्यक्रमाची फाइल एका संगणकावर ठेवायची, आणि ज्याला ऐकायची असेल त्याच्या फोनने ती तेथून मागून घ्यायची, एवढाच हा प्रकार. आकाशवाणीचे केंद्र हवेत कार्यक्रम सोडते, तो कोण पकडतो ते केंद्राला कळत नाही. येथे मात्र प्रत्येक मागणीची त्या संगणकाच्या वहीत ओळ पडते. म्हणजे मोजणी किती सोपी! आम्हांलाही तसेच वाटले होते.

आम्ही आणि आमचे दोन स्नेही मिळून गावातल्या वृद्ध माणसांच्या आठवणी मुद्रित करून असा एक कार्यक्रम चालवतो. पहिल्या वर्षी ज्या कंपनीकडे फाइली ठेवल्या होत्या, ती दर भागाला नऊशेच्या आसपास आकडा दाखवी. आम्ही खूश होतो. एका स्थानिक दुकानदाराने जाहिरातही देऊ केली. मग एके दिवशी कंपनीने मोजणीची पद्धत बदलल्याचे कळवले, आणि आकडा एका रात्रीत तीनशेच्या खाली आला. दुकानदाराला आम्ही खरे ते सांगितले, जाहिरात गेली. आमचे एक स्नेही म्हणाले, लोक कंटाळले असतील, आपण थांबावे. या एका आकड्यावरून कार्यक्रम बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कुठे आम्ही त्या वहीत डोके घातले.

तेथे काय दिसले? फोन सबंध फाइल एका घासात गिळत नाही, तुकड्या-तुकड्याने मागतो. एकाच आजोबांनी एक भाग ऐकला, तर वहीत कधी एक ओळ पडते, कधी दहा. आमची कंपनी प्रत्येक ओळ एक श्रोता धरीत होती. शिवाय इंटरनेटवर हिंडणारी स्वयंचलित यंत्रे येऊन फाइली उचलतात, त्यांनाही ती श्रोतेच समजत होती. तेव्हा नऊशे हा आकडा खोटा होता असे नव्हे; तो माणसांचा नव्हता, ओळींचा होता.

या गोंधळावर तोड म्हणून अमेरिकेतल्या जाहिरात-व्यवसायाच्या एका संस्थेने, आय. ए. बी. टेक लॅबने, नियम बांधून दिले. त्यांची दुसरी आवृत्ती डिसेंबर 2017 मध्ये निघाली. नियम थोडक्यात असा: एकाच इंटरनेट पत्त्यावरून, एकाच जातीच्या उपकरणाने व अॅपने, चोवीस तासांत एकच भाग कितीदाही मागितला तरी तो एकच धरावा, निदान एक मिनिटाचा आवाज भरेल इतकी फाइल गेली असेल तरच धरावा, आणि यंत्रांच्या मागण्या गाळून टाकाव्यात. नियम शहाणपणाचा आहे, आमची त्याविषयी तक्रार नाही. पण त्याच्या हातूनही काय निसटते पाहा. वसतिगृहातली दहा मुले एकाच वाय-फायवर एकाच जातीच्या फोनवरून ऐकत असतील तर ती एक ठरतात. आपल्याकडे मोबाइल कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवतात, तेथेही तेच. उलट एखादा गृहस्थ अर्धा भाग घरी आणि उरलेला बसमध्ये ऐकतो, तर पत्ता बदलल्यामुळे त्याचे दोन होऊ शकतात. आणि आपल्या लोकांची एक सवय तर या नियमाच्या गावीही नाही: फाइल उतरवून घ्यायची आणि व्हॉट्सअॅपवर साऱ्या नातेवाइकांना धाडून द्यायची. त्यानंतर ती किती कानांत गेली, याची ओळ कोणत्याच वहीत पडत नाही.

त्यातून मिनिटाचा नियम ऐकायला जितका भक्कम वाटतो तितका तो नाही. मिनिटभराची फाइल उतरायला मिनिट लागत नाही, क्षण लागतो. 2022 साली अमेरिकेत एक प्रकरण गाजले. मोबाइलवर खेळ खेळणाऱ्याने खेळातली फुकटची नाणी मिळावीत म्हणून एक जाहिरात दाबावी, आणि त्या जाहिरातीमागे पॉडकास्टचा एक भाग आपोआप सुरू व्हावा! खेळणारा काही सेकंदांत परत खेळाकडे वळे. फाइल मात्र उतरलेली असे, आणि तो श्रोत्यांत जमा होई. जाहिरातीचे पैसे दर हजार डाउनलोडांमागे मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे असे उद्योग का होतात ते सांगायला नको.

याची दुसरी बाजू पुढल्याच वर्षी दिसली. ॲपलचे अॅप निवडलेल्या कार्यक्रमांचे नवे भाग आपोआप उतरवून ठेवी. मध्यंतरी ऐकणे सुटले आणि काही आठवड्यांनी माणूस परत आला, की मधले साचलेले सारे भाग एकदम उतरत. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या आय. ओ. एस. 17 बरोबर हे मागचे भाग उतरवणे बंद झाले. अनेक मोठ्या कार्यक्रमांचे, विशेषतः रोज निघणाऱ्यांचे, आकडे घसरले. माणसे उठून गेली नव्हती; कोणी न ऐकलेल्या फाइली तेवढ्या कमी झाल्या होत्या. पण आकड्यावर ज्यांचे पोट होते त्यांना तो फरक कोणाला तरी समजावून सांगावा लागलाच.

मग फाइली सोडून ऐकणेच मोजता येत नाही काय? येते, पण ज्याच्या त्याच्या दुकानापुरते. ॲपलच्या अॅपमध्ये कोणी किती ऐकले ते ॲपलला कळते. वीस मिनिटे किंवा भागाचा चाळीस टक्के हिस्सा ऐकणाऱ्यास ते रमलेला श्रोता धरतात. स्पॉटिफायचा हिशेब निराळा, यूट्यूबचा त्याहून निराळा. हे सारे आकडे घेऊन एकमेकांत मिळवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पायलीचे धान्य आणि गजाचे कापड यांची बेरीज करण्यापैकीच ते आहे.

जुन्या रेडिओवाल्यांकडे वही नव्हती, म्हणून त्यांना डोके चालवावे लागले. अमेरिकेत हूपर यांची माणसे 1930 नंतरच्या दशकात घरोघरी टेलिफोन करून विचारीत, "या घटकेला रेडिओ चालू आहे का? काय लागले आहे?" ज्याच्या घरी टेलिफोन नाही तो अर्थातच हिशेबाबाहेर. नील्सन यांनी रेडिओलाच एक यंत्र जोडले. कोणते केंद्र किती वेळ लागले ते त्याला कळे, खोलीत माणूस आहे की मांजर, ते कळत नसे. बी. बी. सी. ने 1936 मध्ये रॉबर्ट सिल्व्ही यांच्याकडे श्रोत्यांचा शोध घेण्याचे काम सोपवले, ते शितावरून भाताची परीक्षा करण्याचे. आपल्याकडे 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा अमीन सयानींकडे पत्रांचे ढीग येऊन पडत. पण पत्र टाकणारा श्रोता निराळा आणि चूल सांभाळत ऐकणारी बाई निराळी.

या सर्वांत आम्हांला सगळ्यांत जवळचा वाटला तो पुण्याचा प्रयोग. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साह्याने, पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभारली. त्यांच्यासाठी वीस कार्यक्रम झाले. ते ऐकून मंडळी चर्चा करीत, प्रश्न केंद्राकडे धाडीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने परीक्षण केले, ते रेडिओ किती वेळ चालू होता याचे नव्हे. कार्यक्रमांपूर्वी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. आणि जेथे श्रोतृमंडळ नव्हते अशा गावांतही तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावी माहिती भरभरून वाढली होती, इतरत्र फारशी नाही. या पद्धतीला खर्च येतो, पायपीट होते, आणि उत्तर सावकाश मिळते. तरी तेथे माणूसच मोजला गेला.

आमच्यापाशी युनेस्को नाही. आम्ही इतकेच केले की, लागोपाठ तीन भागांच्या शेवटी एक फोन नंबर सांगितला आणि विनंती केली, "ऐकत असाल तर कळवा, आणि कोणाबरोबर ऐकता तेही कळवा." छत्तीस निरोप आले. त्यांतले सहा परगावी गेलेल्या मुलांचे होते. त्यांनी फाइल आईवडिलांना पाठवली होती. एका भगिनीने कळवले की, दुपारी धान्य निवडताना त्यांच्या वाड्यात अकरा जणी एका फोनभोवती बसतात, आणि मागच्या खेपेस ज्या आजींचा आवाज होता त्या त्यांतल्या एकीच्या मावससासू निघाल्या. आम्ही वही उघडून पाहिली. त्या तारखेला त्या गावाची ओळ होती, एकच.

स्नेह्यांना तो निरोप वाचून दाखवला. कार्यक्रम चालू ठेवायचा ठरले; येत्या रविवारी बंद पडलेल्या हातमागांवर एका आजोबांशी बोलायचे आहे. आता कोणाला काही विचारायचे असल्यास अवश्य विचारावे; अध्यक्षमहाराजांनी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत.