साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज उच्चारतो. घरातील वडील माणसाला एखादे नाव आठवले नाही, हिशेबाची बेरीज चुकली, की हा निवाडा ठरलेलाच. परंतु श्रोतेहो, या निवाड्याला पुरावा कोणता?

पुरावा गोळा करण्याची सोपी रीत अशी : २० वर्षांच्या तरुणांना आणि ७० वर्षांच्या वृद्धांना एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका द्यावी. वृद्धांना गुण कमी पडतात, आणि वय बुद्धीला झिजवते असे अनुमान निघते. पण या दोन गटांत अंतर केवळ वयाचे नसते. एका पिढीच्या वाट्याला चार इयत्ता आल्या, दुसरीला महाविद्यालय लाभले. शिक्षणाने व काळाने पाडलेला फरक आपण वयाच्या माथी मारतो.

ही चूक टाळायची, तर त्याच माणसांची पुनःपुन्हा परीक्षा घेतली पाहिजे. अमेरिकेतील सिॲटल येथे के. वॉर्नर शाई या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली विशीपासून साठीपुढपर्यंतच्या ५०० व्यक्तींची शब्दज्ञान, तर्क, आकडेमोड अशा शक्तींत परीक्षा घेतली. १९६३ साली त्यांतील मिळतील तेवढ्यांना पुन्हा बोलावले, आणि पुढे दर सात वर्षांनी हा क्रम चालविला. तेव्हा निराळेच चित्र दिसले. बहुतेक शक्ती सरासरीने साठीपर्यंत टिकून राहतात. शब्दज्ञान तर मध्यम वयात वाढते. कामाचा वेग मात्र लवकर मंदावतो, आणि ऐंशीनंतर उतार सहसा चुकत नाही.

या रीतीलाही वैगुण्य आहे. आजारी माणसे मध्येच गळतात, उरतात ती धडधाकट. शिवाय तीच परीक्षा पुन्हा दिल्याने सराव होतो. म्हणून दर खेपेस नव्या माणसांची भर घालून पडताळा पाहावा लागला.

१९८६ साली शाई व शेरी विलिस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौसष्टीपुढील व्यक्तींना त्यांनी अवघे पाच तास तर्काचे किंवा आकृती ओळखण्याचे शिक्षण दिले. ज्यांची शक्ती आधीच्या १४ वर्षांत घटली होती, त्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पूर्वीच्या पातळीवर परतले. म्हणजे जे हरपले असे वाटत होते, ते पुष्कळांच्या बाबतीत वापराविना गंजलेले होते.

तेव्हा वडील माणसाच्या हातून हिशेबाची वही काढून घेण्यापूर्वी, ती बेरीज पुन्हा एकदा करण्यास त्याला थोडा अधिक वेळ द्यावा.