नव्या गाडीचे वचन

श्रोतेहो, हायब्रीड म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना ज्वारी आठवेल. आज मी बोलणार आहे ते हायब्रीड मोटारीविषयी. गोष्ट अमेरिकेतली आहे. पण तिथल्या गिऱ्हाइकाने जो धडा घेतला, तो आता आपल्याही दारात आला आहे.

ही गाडी म्हणजे काय, ते आधी पाहू. तिला बळे दोन: पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की ब्रेक तापतात. म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग उष्णता होऊन वाऱ्यावर जातो. हायब्रीड गाडीत त्याच वेळी मोटर उलट काम करते, वीज तयार करून बॅटरीत साठवते आणि निघताना तीच वापरते. गाडी उभी राहिली की इंजिनही बंद. म्हणून थांबत-निघत जाणाऱ्या शहरी रस्त्यावर बचत मोठी, आणि मोकळ्या सडकेवर एकसारख्या वेगात ती थोडी.

जपानमध्ये टोयोटाने १९९७ साली प्रियस ही छोटी हायब्रीड गाडी विकायला काढली. अमेरिकेतल्या लोकांना मात्र मोठ्या गाड्यांचे वेड. मागे उघडा हौदा असलेले पिकअप ट्रक आणि एस.यू.व्ही. यांवरच तिथल्या कारखानदारांचा मोठा नफा. पेट्रोल महागले, टीका वाढली, तसे ते म्हणू लागले, "थांबा, याच गाड्या आम्ही काटकसरी करून देतो!"

पुढे काय झाले? फोर्ड कंपनीने २००० साली सांगितले, की पाच वर्षांत आमच्या एस.यू.व्ही. पंचवीस टक्के अधिक अंतर कापतील. २००३ साली तिने हे वचन मागे घेतले. २००५ मध्ये म्हटले, २०१० पर्यंत वर्षाला अडीच लाख हायब्रीड गाड्या करू. दुसऱ्याच वर्षी तेही सोडले. क्रायस्लरने २००८ च्या शरद ऋतूत दोन मोठ्या हायब्रीड एस.यू.व्ही. आणल्या, आणि त्याच डिसेंबरात त्या बनवणारा कारखाना बंद झाला. जनरल मोटर्सच्या एका पिकअपवर हायब्रीड हे नाव होते, पण इंधनाची बचत जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास. मग गिऱ्हाईक म्हणू लागले, गाडी उभी करा, मग बोला. यात त्याचे काय चुकले?

पण श्रोतेहो, संशयालाही मोजमाप हवे. फोर्डनेच २००४ साली एस्केप नावाची हायब्रीड एस.यू.व्ही. खरोखर आणली, आणि न्यूयॉर्कमध्ये ती टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावली. आणि इथे शिक्षकबंधूंसाठी एक गणित आहे. ते वर्गात जरूर घाला. एक जड गाडी लिटरला ६ किलोमीटर जाते, ती ९ जाऊ लागली. दुसरी हलकी गाडी १५ जात होती, ती २० जाऊ लागली. जास्त पेट्रोल कोणी वाचवले? मुले म्हणतील, दुसरीने. ५ किलोमीटर वाढले ना! आता शंभर किलोमीटरचा हिशेब करा. पहिलीला १६.७ लिटर लागत होते, आता ११.१ लागतात. वाचले साडेपाच लिटर. दुसरीचे ६.७ चे ५ झाले. वाचले पावणेदोन लिटरही नाही. तेव्हा जड गाडी सुधारणे हेच खरे मोलाचे काम आहे. म्हणूनच ते वचन मोडले की नुकसानही मोठे.

आकडेसुद्धा तपासून घ्यावेत. २००८ च्या गाड्यांपासून अमेरिकन सरकारने मोजणीची रीत बदलली; जास्त वेग, थंडी, वातानुकूलन हे सारे धरले. लगेच प्रियसचा शहरातला आकडा ६० मैलांवरून ४८ मैलांवर आला. गाडी तीच, मोजणी खरी झाली इतकेच.

आपल्याकडे २०२२ मध्ये मारुती आणि टोयोटा यांच्या मध्यम आकाराच्या हायब्रीड एस.यू.व्ही. आल्या. जाहिरातीत लिटरला जवळजवळ २८ किलोमीटर असा आकडा आहे. तो ठरलेल्या चाचणीतला आहे, आपल्या घाटातला नव्हे.

बैल घ्यायचा तर आपण नुसती शिंगांची रंगरंगोटी बघतो का? दात बघतो, चालवून बघतो, गाडीला जुंपून बघतो. तसंच इथं करा. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. नुसत्या मोटरवर ही गाडी चालते, की मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते? बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती कागदावर आहे का? आणि वरचे जे पैसे मोजायचे, ते माझ्या वर्षाच्या धावेत किती वर्षांनी फिटतील? शेवटचे उत्तर मात्र विक्रेत्याकडून घेऊ नका. घरी पाटी-पेन्सिल घ्या, मुलाला जवळ बसवा आणि स्वतःच मांडा.

नव्या गोष्टीला नाही म्हणू नये. पण न मोजता हो म्हणू नये.